कारखान्यात सगळ्यांना जागा: गेटमधून आत येण्यापासून शिफ्ट सुटेपर्यंत काय काय बदलायचं

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये रुजू झाले, त्या पहिल्याच महिन्यात असेंब्ली लाईनवरच्या एका मुलीला चक्कर आली. मे महिना होता, वरती पत्रा तापलेला. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितेस?" ती गप्प बसली. संध्याकाळी तिने मला सांगितलं, की सकाळी निघताना कपभर चहा घेते, त्यानंतर शिफ्ट सुटेपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. बायकांचं बाथरूम शेडच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन यायला बारा मिनिटं, आणि तिच्या जागी उभं राहायला कुणी नाही. लाईन थांबली की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो. मी बाकीच्यांना एकेकीला विचारलं. लाईनवर अकरा मुली होत्या, अकराही जणी पाणी पीत नव्हत्या.

त्या कारखान्यात समान संधीचं धोरण होतं, चांगल्या मराठीत लिहून दर्शनी भिंतीवर लावलेलं होतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं. पण ते धोरण त्या अकरा जणींच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचलं नव्हतं. तेव्हापासून वैविध्य, समन्याय, समावेशन (इंग्रजीत डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन) हे शब्द कानावर आले की मी आधी विचारते, की इथे पाणी कोण पीत नाही, कुठल्या टेबलावर कोण बसत नाही, कोणाचं नाव कोणी घेत नाही.

हा लेख आहे पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्याचे मालक, प्लांट मॅनेजर आणि एकट्यानेच एचआर सांभाळणारे यांच्यासाठी. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा पैसा असतो. तुमच्याकडे तो नाही, आणि बहुतेक कामांना तो लागतही नाही. ऑफिसवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पायरी १: एक अख्खा दिवस गेटपासून गेटपर्यंत चाला

सर्व्हेचा फॉर्म वाटू नका. निदान आधी नको. फॉर्मवर सगळे "ठीक आहे" लिहितात, कारण तो सुपरवायझरच्या हातातून येतो आणि त्याच्याच हातात परत जातो.

त्याऐवजी एक दिवस ठरवा. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये पहिल्या थांब्यावर चढा आणि शेवटच्या थांब्यावर उतरा. गेटवर कोणाची बॅग उघडून बघतात आणि कोणाला हात वर करून आत सोडतात, ते बघा. कायम कामगार आणि ठेकेदाराची माणसं वेगळ्या रांगेत आहेत का? युनिफॉर्मचा रंग वेगळा आहे का? चहाच्या सुटीत कोण कुणाबरोबर उभं राहतं? हाऊसकीपिंगवाली माणसं जेवायला कुठे बसतात? मी पाहिलेल्या निम्म्या कारखान्यांत ती जिन्याखाली, नाहीतर स्क्रॅप यार्डाच्या कडेला बसत होती. तिथे बसा, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये बसा, असंही कोणी सांगितलेलं नव्हतं.

वहीत फक्त दिसलं ते लिहा. त्याचा अर्थ लावायची घाई नको. असेच दोन दिवस आणखी करा, एक दुसऱ्या पाळीत आणि एक रात्रपाळीत. रात्रीचा कारखाना वेगळा असतो.

पायरी २: मोजा, पण जपून

हजेरीपट आणि पगारपत्रक एका शीटवर आणा. विभाग, पद, कायम की कंत्राटी, किती वर्षं झाली, बाई की पुरुष, दिव्यांगत्व नोंदवलंय का, शेवटची बढती कधी, हातात किती पडतात. एवढ्यावरही पुष्कळ दिसतं. एका ठिकाणी आम्हाला दिसलं, की इन्स्पेक्शनमध्ये सात वर्षं काढलेल्या चार बायका अजून 'हेल्पर'च होत्या आणि त्यांनीच शिकवलेली तीन मुलं 'सीनियर ऑपरेटर' झाली होती. कोणी ठरवून केलेलं नव्हतं. दर वर्षी नावं सुचवणारा माणूस तोच होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर तीच नावं येत होती.

जातीचं आणि धर्माचं काय? ही माहिती कंपनीच्या फॉर्मवर मागू नका. ज्याने आजवर आडनाव अर्धवट सांगून दिवस काढलेत, त्याला तो रकाना बघूनच धडकी भरते. खरंच जाणून घ्यायचं असेल तर बाहेरच्या विश्वासू संस्थेकडून, निनावी, ज्याची इच्छा असेल त्याच्याकडूनच घ्या, आणि दहापेक्षा कमी माणसांचा गट असेल तर तो आकडा बाहेर काढू नका. छोट्या कारखान्यात "एक बौद्ध, मेंटेनन्स" असं लिहिलं की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही.

पायरी ३: कायद्याने जे करायचंच आहे ते आधी पुरं करा

हा भाग मी भराभर सांगते, कारण यात मताला जागा नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समिती नेमलीच नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. ठेकेदाराकडच्या बायका, अप्रेंटिस, ट्रेनी या सगळ्या यात येतात, आणि कंपनीची बससुद्धा 'कामाचं ठिकाण' धरली जाते. हे दोन मुद्दे बहुतेक सुपरवायझरांना माहीत नसतात. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर लिहून घेणारी बाई सगळ्यांना दिसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करावं लागतं. ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं असतं. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर एक संपर्क अधिकारीही नेमायचा. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याने नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे आणि आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून कोणाला कामावरून काढता येत नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी. आणि बाई-पुरुषाला सारख्या कामाला सारखा पगार हे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे, आता ते वेतन संहितेत आलं आहे.

एक गोष्ट मात्र थांबून सांगते. ड्रेनेजची टाकी तुंबली की हाऊसकीपिंगच्या पोराला "उतर रे जरा" म्हणणं अजून चालतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या दुसऱ्या एका कायद्याने मनाई आहे, आणि तो गुन्हा आहे. यात माणसं गुदमरून मरतात, आणि मरणारी माणसं कोणत्या वस्त्यांतून येतात ते आपल्याला ठाऊक आहे. मशीनवाल्या एजन्सीचा नंबर सिक्युरिटी केबिनमध्ये आजच लावून ठेवा.

पायरी ४: भरती करताना आडनावाआधी काम बघा

आपल्याकडे मुलाखतीत पहिला प्रश्न असतो "नाव काय?", दुसरा "पूर्ण नाव?", तिसरा "गाव कुठलं?". विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, ओळख काढायची आपली सवय आहे. पण समोर बसलेल्या पोराला कळतं, की तीन प्रश्नांत त्याची जात काढून झाली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावा-आडनावांचा. २००७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी होती.

आपण हे करू शकतो:

अर्ज आले की ऑफिसमधली एक व्यक्ती नाव, आडनाव, फोटो, पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय झाकून प्रत्येक अर्जाला नंबर देईल. छाननी करणाऱ्याला फक्त नंबर, ट्रेड, मार्क आणि अनुभव दिसेल. वीस-तीस अर्जांना अर्धा तास लागतो.

मुलाखतीच्या आधी हातातलं काम बघा. एक ड्रॉइंग द्या, एक शाफ्ट द्या, मायक्रोमीटर द्या आणि तीन ठिकाणचे व्यास मोजून लिहायला सांगा. मोजलेला आकडा पोराचं आडनाव सांगत नाही. नंतरच्या मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपापले गुण कागदावर लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही. नाहीतर सगळ्यात वरच्या साहेबांचं मत सगळ्यांचं मत होतं.

"लग्न कधी करणार?", "मूल-बाळाचं काय?", "रात्रपाळीला घरचे सोडतील का?" हे प्रश्न बंद. रात्रपाळीबद्दल विचारायचंच असेल तर मुलांनाही विचारा, आणि असं विचारा: "या जागेला महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. बस घरापर्यंत सोडते. जमेल का?"

आणि ओळखीने भरती कमी करा. "आपल्याच गावचा पोरगा आहे" म्हणून घेतलेली माणसं वाईट नसतात, पण दहा वर्षांनी मशीन शॉपमध्ये तीन गावांची आणि दोन भावक्यांची माणसं उरतात, आणि बाहेरून आलेल्याला तिथे श्वास घेता येत नाही. प्रत्येक जागेची जाहिरात किमान तीन ठिकाणी द्या: जवळच्या आयटीआयला, दूरच्या जिल्ह्यातल्या एका आयटीआयला आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला. आयटीआयच्या प्राचार्यांना सांगा, की फिटर आणि वेल्डरचा ट्रेड शिकणाऱ्या मुलीही पाठवा. मुली शिकत असतात, पण त्यांना कोणी बोलावत नाही.

पायरी ५: बाथरूम, बूट आणि बाकीच्या 'छोट्या' गोष्टी

त्या अकरा मुलींसाठी आम्ही काय केलं ते सांगते. लाईनवर एक रिलीव्हर नेमली. ती प्रत्येक जागेवरचं काम शिकलेली. शिफ्टमध्ये प्रत्येकीला दोनदा दहा-दहा मिनिटं, वेळापत्रकाप्रमाणे, न मागता. 'न मागता' यावर माझा जोर आहे. मागावं लागलं की ती परवानगी होते, आणि परवानगी नाकारता येते. मधल्या खांबापाशी रिकामी स्टोअर रूम होती, तिथे दोन बाथरूम काढली. आत कडी, बादली, पाणी, झाकणाचा डबा, पॅड ठेवायला फळी, दिवा. पुरुष ऑपरेटरनाही रिलीव्हर दिली, कारण त्यांनाही तोच त्रास होता आणि तेही बोलत नव्हते. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले होते, एक माणूस वाढला. तीन महिन्यांनी तेच म्हणाले, की दुपारनंतरचं रिजेक्शन कमी झालंय.

आता बूट. सेफ्टी शूज सहा नंबरच्या खाली स्टोअरमध्ये नसतात. मी एका मुलीला बूट काढायला सांगितलं तर आत दोन जोड मोजे आणि टाचेशी दुमडलेला रुमाल. तो बूट घालून ती दिवसभर पंधरा किलोच्या ट्रॉल्या ढकलत होती. चार आणि पाच नंबरचे बूट बाजारात मिळतात, ऑर्डर करावे लागतात एवढंच. हातमोज्यांचं तसंच. सैल हातमोजा ड्रिलिंग मशीनजवळ जीवघेणा आहे. फिक्स्चरची, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याची, उंचीही बघा: पाच फुटांची बाई साडेपाच फुटी माणसासाठी बनवलेल्या टेबलावर खांदे उचलून आठ तास काम करते. सहा इंचांचा लाकडी चौथरा वेल्डिंग शॉपमधलं कोणीही संध्याकाळपर्यंत करून देईल.

ओढणी किंवा हिजाब फिरत्या स्पिंडलजवळ धोक्याचा आहे. ते सांगायला हवंच. पण "काढून ठेव" म्हणण्याआधी त्या बाईला विचारा, की काय घातलं तर तिचंही मन राहील आणि सुरक्षाही. आमच्याकडे घट्ट बसणारी कापडी टोपी, मानेपर्यंत येणारी, तिनेच शिवून आणली. नंतर तोच नमुना आम्ही सगळ्यांसाठी शिवून घेतला.

तृतीयपंथी सहकारी येणार असेल तर तीन गोष्टी ती व्यक्ती रुजू व्हायच्या आधी ठरवा: गेटपासवर आणि हजेरीत कोणतं नाव, कोणतं बाथरूम आणि चेंजिंग रूम, आणि लाईनवर कोण पहिल्या दिवशी बरोबर राहणार. हे त्यांनाच विचारून ठरवा. लाईनवरच्या लोकांना आधी 'समजावून सांगायची' सभा घेऊ नका. त्या सभेनंतर ती व्यक्ती आत येते तेव्हा सगळे वळून बघतात.

पायरी ६: जेवणाचं टेबल

मुंबईच्या गिरण्यांमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या विभागात, पगार जास्त मिळायचा आणि तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण असं सांगितलं जायचं: कांडीवरचा धागा संपला की धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) भोकातून नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आधी दलित कामगाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला: कामगारांच्या मागण्यांमध्ये ही मागणी का नाही? मजूर म्हणून सगळे एक, पण धोट्यापाशी वेगळे.

आज धोटा नाही. डबा आहे. "तू काय आणलंस?" म्हणताना कोणाच्या डब्यातली भाजी घेतली जाते आणि कोणाच्या नाही, ते चार दिवस बघितलं की कळतं. एका ठिकाणी हेल्परांचे स्टीलचे पेले खिळ्याला वेगळे टांगलेले होते. विचारलं तर उत्तर आलं, "पहिल्यापासून असंच आहे." त्याच दिवशी सगळे पेले सारखे करा, एका रॅकमध्ये ठेवा, धुवायला एकच जागा. नोटीस लावू नका, भाषण करू नका. फक्त बदला.

मांसाहारावर बंदी असेल तर ती कोणासाठी आणि का लावली ते तपासा. शाकाहाऱ्याला त्याच्या ताटाची खात्री हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. वाढायची भांडी आणि काउंटर वेगळे ठेवा. पण डब्यात अंडं आणलेल्या पोराला सायकल स्टँडवर बसून जेवायला लावणं हे त्याला बाहेर काढणं आहे.

मालकांनी एक करायचं. आठवड्यातून दोनदा कॅन्टीनमध्ये जेवायचं, केबिनमध्ये ताट मागवायचं नाही, आणि बसायचं ते हाऊसकीपिंगच्या किंवा ठेकेदाराच्या माणसांच्या टेबलावर. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक तिकडे फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी तिथे थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींना प्यायला द्यायचे. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा रस्त्यावर कपभर चहासाठीही थांबत होता.

पायरी ७: सुट्या

आपल्याकडे कारखान्याचं कॅलेंडर गणपती, दसरा, दिवाळीभोवती असतं. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, ती माझ्याही आवडीची आहे. पण १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला जाणाऱ्या माणसाला रजा मागताना कारण लिहावं लागतं, आणि त्या एका ओळीत तो अख्ख्या शॉप फ्लोअरला आपली जात सांगून बसतो. कित्येक जण "आजारी" लिहून जातात. ईदच्या दुसऱ्या दिवसाचंही तसंच.

यावर उपाय सोपा आहे: वर्षाला दोन किंवा तीन ऐच्छिक सुट्या द्या. कारण विचारायचं नाही, पंधरा दिवस आधी कळवलं की मंजूर. महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आठ भरपगारी सुट्या आहेत. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, आणि बाकी चार मालक व कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायच्या. ऑफिसवाल्यांनी त्या चार सुट्या ठरवताना टेबलाभोवती कोण कोण आहे, ते एकदा बघावं. आणि कंपनीतल्या सत्यनारायणाची वर्गणी पगारातून कापू नका. ज्याला द्यायची तो देईल.

पायरी ८: दिव्यांग सहकारी

इथे सगळ्यात जास्त भीती असते आणि सगळ्यात कमी खर्च. "आमच्याकडे मशीनं आहेत, अपघात होईल" असं प्रत्येक जण म्हणतो. मग मी विचारते, कोणत्या मशीनवर, कोणत्या क्षणी, कशामुळे? बसून यादी केली की धोका दोन-चार ठिकाणी उरतो.

आम्ही ऐकू न येणाऱ्या चार मुलांना घेतलं तेव्हा यादी अशी निघाली: फोर्कलिफ्टचा हॉर्न, आगीचा भोंगा, मशीनचा बझर आणि सुपरवायझरची हाक. फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळा प्रकाश पाडणारा दिवा लावला. भोंग्याबरोबर लुकलुकणारे दिवे बसवले, बाथरूममध्येसुद्धा, कारण तिथे माणूस एकटा असतो. मशीनवर लाल-पिवळा-हिरवा टॉवर लॅम्प आधीपासून होता, तो फक्त त्यांच्या बाजूला वळवला. हाकेसाठी खांद्यावर दोनदा हात. भारतीय सांकेतिक भाषा येणारी एक शिक्षिका आठवड्यातून एकदा येऊन लाईनवरच्या तीस जणांना चाळीस खुणा शिकवून गेली: थांब, गरम, मोजून बघ, माप चुकलं, जेवलास का. पुढे ऐकू येणारी मुलंही प्रेस शॉपच्या आवाजात त्याच खुणा करायला लागली.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. घाईत केलेला खडा उतार कोणालाच चढता येत नाही. दृष्टिहीन सहकाऱ्यासाठी एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फक्त तुमच्या रजेच्या अर्जाची स्कॅन केलेली चित्रं नसावीत, खरा मजकूर असावा. आणि दिव्यांग माणसाला कोणती मदत हवी ते त्यालाच विचारा, दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. बढतीच्या यादीत त्याचं नाव आहे का तेही बघा. पॅकिंगच्या टेबलावर बसवून "चांगलं चाललंय त्याचं" म्हणत दहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ९: पगार, बढती आणि बाळंतपणानंतरचं परत येणं

पायरी २ ची शीट पुन्हा उघडा. सारखं काम, सारखी वर्षं, पण पगारात फरक, अशा जोड्या काढा. प्रत्येक जोडीला लेखी कारण द्या. कारण देता आलं नाही तर पुढच्या इन्क्रिमेंटची वाट न बघता फरक भरून काढा.

बढतीच्या निकषांची पानं शॉप फ्लोअरवर लावा: कोणत्या मशीनवर किती महिने, कोणती परीक्षा, कोण तपासणार. कोणाला कशामुळे बढती मिळाली ते सांगता आलं पाहिजे. पात्र असूनही कोणाला मिळाली नाही, त्याला बोलावून कारण सांगा.

पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे. प्रश्न नंतरचा असतो. बाई परत येते तेव्हा तिचं मशीन दुसऱ्याकडे गेलेलं असतं आणि त्या वर्षाचं अप्रायझल 'काम कमी' म्हणून खाली आलेलं असतं. नियम करा: रजेच्या वर्षाचं रेटिंग आधीच्या दोन वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी लावायचं नाही. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा असतो. अंतर जास्त असेल तर दूध काढून ठेवायला कडी असलेली खोली आणि फ्रिज तरी द्या. खासगी क्षेत्रात बापाला रजा देण्याची सक्ती कायद्यात नाही. तरी दहा दिवस द्या. घेणाऱ्या पहिल्या बापाची लाईनवर टिंगल होईल, तेव्हा मॅनेजरने तिथे उभं राहून पेढा मागायचा.

पायरी १०: बोलण्याची पद्धत

"ए भैय्या", "काळ्या", "लंगड्या", "मॅडमला काय कळतंय". विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या पोराने "पानी" म्हटलं की "पाणी म्हण, पाणी" असं चारचौघांत करायला लावणं. हे सगळं गंमत म्हणून चालतं, आणि ज्याच्यावर चालतं तोही हसतो, कारण न हसण्याची किंमत त्याला माहीत असते.

सुपरवायझरांना दिवसभराचं ट्रेनिंग देण्यापेक्षा एक वाक्य पाठ करून घ्या. "त्याचं नाव घेऊन बोल." एवढंच, आवाज न चढवता, त्याच क्षणी. नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं तर ज्याचा अपमान झाला त्याला कळतच नाही, की कोणी त्याच्या बाजूने बोललं. रोजच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच्या छोट्या सभेत, आम्ही हे वाक्य सुपरवायझरांकडून एकमेकांवर म्हणून घेतलं. पहिल्यांदा जड जातं, चौथ्या-पाचव्यांदा सहज येतं.

मीटिंग इंग्रजीत असेल तर शेवटची पाच मिनिटं मराठीत किंवा हिंदीत, आणि सगळ्यात ज्युनियर माणसाला आधी बोलू द्या. सुरक्षेच्या सूचना मराठी, हिंदी आणि लाईनवर ज्यांची भाषा तिसरी असेल त्या भाषेत, बरोबर चित्र. ओडिशातून आलेल्या मुलाला मराठी आग्रहाने शिकवा, प्रेमाने शिकवा. पण 'इमर्जन्सी स्टॉप' त्याला पहिल्या दिवशी कळला पाहिजे.

तक्रारीसाठी किमान दोन दारं ठेवा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून कागद जाणार नाही. पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. मालक घाबरून मला विचारतात, की आधी असं नव्हतं, हे तुम्ही काय सुरू केलंत. आधीही होतं. आता सांगावंसं वाटतंय. तक्रार करणाऱ्याची लाईन, शिफ्ट आणि ओव्हरटाईम पुढचे सहा महिने दर महिन्याला तपासा. सूड तिथेच निघतो, कागदावर कधीच दिसत नाही.

पायरी ११: खोली

ही पायरी कुठल्याच धोरणात नसते, आणि माणसं नोकरी सोडतात त्याचं हे मोठं कारण आहे. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. ओळख लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं, आणि नोकरी सोडून ते मुंबईला परतले. ऑफिसात शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, पण नोकरी सुटली ती छपरामुळे.

आजही नव्या अप्रेंटिसला घरमालक फोनवर "खोली आहे, या" म्हणतो आणि आडनाव ऐकल्यावर "कालच गेली" म्हणतो. मुस्लिम मुलाला, एकट्या राहणाऱ्या मुलीला, तृतीयपंथी व्यक्तीला तर पहिल्याच वाक्यात नकार मिळतो. पंधरा दिवस मित्राच्या खोलीत फरशीवर झोपून तो पोरगा गावी निघून जातो, आणि आपण नोंद करतो "वैयक्तिक कारण".

कारखान्याच्या जवळ चार-सहा खोल्या कंपनीच्या नावाने भाड्याने घ्या. पहिले तीन महिने नव्या माणसाला तिथे राहू द्या, भाडं पगारातून वाजवी दराने. तेवढ्यात तो गाव ओळखतो, माणसं ओळखतो. आणि तो स्वतःची खोली बघायला निघाला, की त्याच्याबरोबर एचआरमधलं कोणी तरी जा. मी जाते. घरमालकाला कंपनीचं कार्ड देते, सांगते, हा आमचा माणूस आहे, काही लागलं तर मला फोन करा. दहांतले सहा जण तरी दार उघडतात. उरलेल्या चार घरांचे पत्ते मी वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पोराला तिथपर्यंत चालत जावं लागत नाही.